घरातली रेंज: दांडिया बाजारातल्या एका फ्लॅटच्या नोंदी

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. जुना वाडा पाडून बांधलेली चार मजली इमारत, तीन बाजूंना दुसऱ्या इमारती अगदी हाताच्या अंतरावर. हॉलला पश्चिमेला गॅलरी, उत्तरेला एक खिडकी. आईची खोली आणि स्वयंपाकघर आतल्या डक्टकडे. बडोद्यात अशी घरं खूप आहेत, म्हणून लिहून ठेवतोय.

६ डिसेंबर, शनिवार

सुरुवात मावशीच्या फोनने झाली. पुण्याहून मावशी रोज संध्याकाळी सातला फोन करते. आईचा फोन साधा, बटणांचा. खोलीत वाजतो, उचलला की दोन वाक्यांत कटतो. मग आई शाल घेऊन गॅलरीत जाते आणि तिथून इतक्या मोठ्याने बोलते, की मावशीच्या गुडघ्याचा एक्सरे काय म्हणतो हे समोरच्या इमारतीला आमच्याआधी कळतं. आज थंडी होती, आई खोकत आत आली. ही म्हणाली, "याचं काहीतरी करा आता."

रात्री मोजायला बसलो. कांड्यांवर जाऊ नका, प्रत्येक फोन कांड्या आपल्या मर्जीने दाखवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या 'फोनबद्दल' या भागात सिम स्टेटस उघडलं की डीबीएममध्ये (रेंजची ताकद मोजायचं माप) आकडा दिसतो. आकडा उणे असतो आणि शून्याकडे जितका सरकेल तितका चांगला. उणे ९० म्हणजे आरामात बोला, उणे ११० म्हणजे नशिबावर, उणे ११८ म्हणजे गॅलरीत जा.

घरात नऊ ठिकाणी मोजून वहीत लिहिलं. दीड तास गेला.

७ डिसेंबर, रविवार

कालचं सगळं पान फाडलं. माझा फोन कधी ५जी पकडत होता, कधी ४जी, आणि मी दोन्हींचे आकडे एकाखाली एक लिहिले होते. ५जी आणि ४जीचे आकडे असे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. शिवाय फोन मुठीत धरून मोजलं होतं, आणि हाताने अँटेना झाकली की आकडा पडतोच.

आज सेटिंगमध्ये फोन ४जीवर बांधून ठेवला, स्टुलावर आडवा ठेवला, मिनिटभर थांबलो, तीनदा वाचून मधला आकडा घेतला. गच्ची उणे ७८. गॅलरी उणे ८९. हॉलचा मध्य उणे १०९. आमची झोपायची खोली उणे १११. स्वयंपाकघर उणे ११४. आईची खोली उणे ११८.

गॅलरी आणि हॉलमध्ये एका काचेच्या दाराचं अंतर, आणि फरक २० डीबीचा. हे तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलं नाही. आठवडा वाया गेला तो इथून.

९ डिसेंबर, मंगळवार

बूस्टर मागवला. म्हणजे मागवायला निघालो. फोनवर एक विक्रेता भेटला, साडेचार हजारांत किट: बाहेरची अँटेना, आतली अँटेना, मध्ये डबा. 'फुल रेंज गॅरंटी.' हजार रुपये आगाऊ पाठवले. रात्री आमच्या अकरावीतल्या चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, हे लीगल आहे का?" शोधलं, तर नाही. मोबाइलचा रिपीटर किंवा बूस्टर बसवायची मुभा परवानाधारक मोबाइल कंपन्यांनाच आहे. आपल्यासारख्याने विकत घेणं, बाळगणं, लावणं, सगळंच बेकायदा. परवान्याशिवाय वायरलेस उपकरण बाळगायचं नाही हे तर १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून चालत आलंय.

कारणही पटलं. असा डबा टॉवरच्या लहरींबरोबर गोंगाटही मोठा करतो, आणि आतली-बाहेरची अँटेना जवळ असल्या की गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर नेल्यावर जी शिट्टी बसते तसं होतं. ती शिट्टी टॉवरला ऐकू जाते आणि त्या टॉवरवरच्या सगळ्यांचे फोन बिघडतात. ऑर्डर रद्द केली. हजार रुपये काही परत आले नाहीत. विक्रेत्याने नंतर फोनच उचलला नाही. रेंज नसेल त्याच्याकडे.

१३ डिसेंबर, शनिवार

पोर्ट करून दुसऱ्या कंपनीत जावं का? आधी तपासायचं म्हणून दुसऱ्या कंपनीचं नवं सिम घेतलं, २८ दिवसांच्या पॅकसह २६० रुपये. स्वयंपाकघरात जुनं सिम उणे ११४, नवं उणे १०७. फरक आहे. जुनं सिम घरात २३०० मेगाहर्ट्झच्या बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) बसलं होतं, नवं ९०० वर. खालची फ्रिक्वेन्सी भिंतींतून बरी शिरते, हे मोजून पाहायला मिळालं. पण आईच्या खोलीत नवंही उणे ११३, आणि कॉल तसाच तुटला. सात डीबीसाठी घरातले चार नंबर हलवायचे नाहीत असं ठरलं. पोर्टच्या भानगडीत पडण्याआधी दुसऱ्याचं सिम उसनं घेऊन घरभर फिरा. मी ते न करता २६० मोजले, कारण शेजारच्या काकींकडे तीच कंपनी आहे हे नंतर कळलं.

'तरंग संचार' या दूरसंचार खात्याच्या पोर्टलवर (२०१७ पासून आहे) आपल्या जागेभोवतीचे टॉवर नकाशावर दिसतात. आमच्या सर्वांत जवळचा टॉवर ईशान्येला निघाला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटलो, सगळे मिळून कंपनीकडे तक्रार करू म्हणून. ते चहा ओतता ओतता म्हणाले, "टावरनी तो तमे ज ना पाडेली ने!" (टॉवरला तर तुम्हीच नाही म्हणाला होतात ना!) खरं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवर टॉवर बसवायची विचारणा आली होती, भाडंही चांगलं होतं. किरणांच्या भीतीने सगळ्यांनी विरोधाच्या कागदावर सह्या केल्या. तिसरी सही माझी. तेव्हा कोणी वाचलं नव्हतं की २०१२ पासून आपल्याकडची उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. अर्थात डोक्यावर टॉवर असता तरी दुसऱ्या मजल्यावर रेंज ओसंडली असती असं नाही. त्या अँटेना आडव्या, लांबवर फेकतात, पायाखाली नाही. सेक्रेटरींना हे सांगितलं नाही. चहा संपवून उठलो.

१४ डिसेंबर, रविवार

परातीचा प्रयोग. स्टीलची मोठी परात डिशसारखी फोनमागे उभी केली. मग थर्माकोलवर अल्युमिनियम फॉइल चिकटवून पाहिलं. कधी दोन डीबी जास्त, कधी तीन कमी. फोन नुसता ठेवला तरी आकडा एवढा हलतोच, म्हणजे फायदा शून्य. हिने परात परत मागितली, कणीक मळायची होती.

पण सापडलं ते याच दिवशी. स्टूल उत्तरेच्या खिडकीपाशी होतं, फोन त्यावर, आकडा उणे ११०. हिने चादर झटकायला खिडकी सरकवली आणि आकडा उणे ९६ झाला. मला वाटलं फोनने टॉवर बदलला. "बंद कर जरा." उणे १११. "उघड." उणे ९६. असं सहा-सात वेळा केल्यावर ती चादर माझ्या डोक्यावर टाकून निघून गेली.

१४ डीबी म्हणजे साधारण पंचवीसपट. खिडकीच्या एका काचेने चोवीस हिस्से गिळले होते. काच साधीच होती, गिळणारी होती तिच्यावरची फिल्म. मे महिन्यात पश्चिमेच्या उन्हासाठी गॅलरीच्या दाराला चकचकीत रिफ्लेक्टिव्ह फिल्म लावून घेतली होती, ५५ रुपये चौरस फूट. ऊन परतवणारा जो थर आहे तो धातूचा, आणि धातू ऊन परतवतो तसाच टॉवरच्या लहरीही. कारागिराने जाताना विचारलं होतं, "माल उरलाय, या खिडकीलाही मारून देऊ?" मी हो म्हणालो. उत्तरेच्या खिडकीला! जिथे वर्षभरात फारसं ऊन येत नाही, आणि जिच्या बाजूला टॉवर आहे.

आईचे कॉल कधीपासून तुटतात याचा आता हिशोब लागला. आम्ही पावसाला दोष देत होतो.

२० डिसेंबर, शनिवार

उत्तरेच्या खिडकीची फिल्म काढली. चोवीस चौरस फूट, वेळ साडेपाच तास. सांगणारे सांगतात की कोपरा उचला आणि ओढा. ओढली, तर वरचा पापुद्रा हातात आला, गोंद आणि चंदेरी थर काचेवरच. मग साबणाचं पाणी स्प्रे बाटलीने मारायचं, वर प्लॅस्टिकची पिशवी पसरून चिकटवायची, वीस मिनिटं थांबायचं आणि ब्लेड तिरकं धरून एकाच दिशेने ओढायचं. ब्लेड मागेपुढे केलं की काचेवर चरे पडतात. माझे दोन पडलेत, उजव्या तावदानावर, खालच्या बाजूला. घाई झाली होती.

काचेवरून निघालेला तो चंदेरी चिखल बोटावर घेऊन बघितला. चांदीच्या वर्खासारखा. एवढाशा थराने सहा महिने छळलं.

२१ डिसेंबर, रविवार

हॉलचा मध्य उणे ९७. झोपायची खोली उणे १०४. स्वयंपाकघर उणे १०९. आईची खोली उणे ११६, म्हणजे जवळपास होती तिथेच. तिथे पोचायला टॉवरला दोन आरसीसी भिंती आणि आमचं लोखंडी कपाट ओलांडावं लागतं. गॅलरीच्या दाराची फिल्म काढायची नाही असं ठरलं, एप्रिल-मेमध्ये त्या बाजूने भट्टी पेटते. पुढे कधी बदललीच तर धातूविरहित सिरॅमिक फिल्म लावू, ती महाग आहे पण लहरी अडवत नाही.

खिडकीने अर्धं काम झालं. आत टॉवर पोचत नसेल तर कॉल वाय-फायवरून न्यायचा.

२३ डिसेंबर, मंगळवार

घरात फायबर आहेच. वाय-फाय कॉलिंग आपल्याकडे २०१९च्या शेवटापासून सुरू झालं, वेगळे पैसे लागत नाहीत, आणि मी आजवर ते चालू केलेलं नव्हतं. सेटिंग दोन्ही सिमना वेगवेगळं चालू करावं लागतं. शिवाय त्यात 'वाय-फायला प्राधान्य' निवडायचं. नाहीतर फोन मरतुकड्या उणे ११४लाच धरून बसतो, वाय-फायकडे वळतच नाही.

माझा लगेच चालला. हिच्या फोनवर आवाज एका बाजूनेच. वाय-फायवरून कॉल करताना फोन मोबाइल कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक बंद बोगदा बांधतो (इंटरनेटच्या यूडीपी पोर्ट ५०० आणि ४५०० या दारांतून), आणि आमच्या राउटरमध्ये असा बोगदा जाऊ देणारं 'आयपीसेक पासथ्रू' बंद होतं. चालू केलं, राउटर आणि फोन दोन्ही बंद करून लावले, आवाज आला.

खात्री करायची सोपी युक्ती: फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग वाय-फाय चालू करा आणि कॉल लावा. लागला तर तो नक्की वाय-फायवरूनच गेला. एक अडचण मात्र राहिली. या अवस्थेत एका सिमवर बँकेचा ओटीपी आला नाही, एअरप्लेन मोड काढल्यावर आला. त्यामुळे ही युक्ती तपासण्यापुरतीच.

२७ आणि २८ डिसेंबर

स्वयंपाकघरात वाय-फायच लुळं. राउटर हॉलच्या टीव्हीमागे. बोलत बोलत पोळ्या लाटायला गेलं की कॉल वाय-फायवरून सुटतो, टॉवर मिळत नाही, संपला. पॅसेजमध्ये दुसरा राउटर हवा आणि तो तारेने जोडलेला. नुसता वाय-फाय एक्स्टेंडर लावला तर तो हवेतूनच उचलून हवेतूनच पुढे देतो. नको.

शनिवारी रावपुऱ्यातून वीस मीटर कॅट-६ (नेटवर्कची केबल) आणली, १४ रुपये मीटर. स्वस्त वाटली. टीव्हीच्या जुन्या डिश केबलचा पाइप भिंतीतून पॅसेजपर्यंत जातो. जुन्या केबलला नवी टेपने बांधायची, तिकडून जुनी ओढायची की नवी येते, असा बेत. चिरंजीव ओढत होते, मी सोडत होतो. अर्ध्यात टेप सुटली. जुनी केबल त्यांच्या हातात, नवी भिंतीत. मग शेजारच्या इलेक्ट्रिशियनची पोलादी स्प्रिंग मागून आणली आणि संध्याकाळ गेली. बांधताना तारा एकमेकींत ओवून, वळवून मग टेप लावा. नुसती टेप भरवशाची नाही.

दोन्ही टोकांना कनेक्टर बसवले. क्रमाने नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. लिंक लागली, पण १०० एमबीपीएसवर. हजारवर जायला चारही जोड्या लागतात, त्यातली एखादी मेली की शंभरवर येते. तीनदा कनेक्टर कापून नवे बसवले, तरी शंभरच. रविवारी सकाळी चिडून एका तारेला ब्लेडने खरवडलं, तर वरचं तांबं गेलं आणि खाली पांढरंशुभ्र अल्युमिनियम! तांब्याचा मुलामा दिलेली तार. ती वळवताना आतल्या आत तुटते. दुकानातच टोक खरवडून बघायचं असतं हे आता कळलं.

शुद्ध तांब्याची आणली, ३२ रुपये मीटर. या वेळी जुन्या केबलने नवी बिनबोभाट ओढली गेली. पहिल्याच फटक्यात हजार. खरं तर कॉलला शंभरही भरपूर होते. पण डोक्यात बसलं होतं.

३० डिसेंबर, मंगळवार

पॅसेजमधून चालताना कॉल नेमका एका जागी तुटतो, देवघराच्या कोनाड्यासमोर. कारण मी. दुसरा राउटर मी राउटर म्हणूनच लावला होता. घरात दोन वेगळी नेटवर्कं झाली, आणि कोनाड्यापाशी फोन एकातून दुसऱ्यात उडी मारायचा तेव्हा त्याचा पत्ता बदलून बोगदा तुटायचा. दुसऱ्याचं डीएचसीपी (फोनना पत्ते वाटायचं काम) बंद केलं, केबल 'वॅन' (बाहेरचं इंटरनेट आत घ्यायच्या) भोकातून काढून 'लॅन' (घरातल्या जोडणीच्या) भोकात लावली, नाव आणि पासवर्ड पहिल्यासारखेच ठेवले, चॅनेल एकाला १ आणि दुसऱ्याला ११. ही स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंत बहिणीशी बावीस मिनिटं बोलली. तपासणी म्हणून पाच पुरली असती.

३ जानेवारी, शनिवार

आता आई. तिच्या बटणांच्या फोनला वाय-फाय कॉलिंग नाही आणि स्मार्टफोन तिला नको. "त्याच्यावर बोट लागलं की तो कुठेही जातो."

फायबरच्या डब्यामागे फोनचं एक भोक असतं. आमच्याकडे दोन वर्षं धूळ खात होतं, कनेक्शनबरोबर लँडलाइनचा नंबर फुकट मिळालाय हे विसरलो होतो. ८५० रुपयांचा साधा टेबलावरचा फोन आणला आणि दुपदरी तार आईच्या खोलीपर्यंत नेली. नंबर ०२६५ने सुरू होतो. आईने तो दोनदा वाचला. "आपल्या जुन्या फोनलाही ०२६५च होतं," म्हणाली आणि लगेच मावशीला लावला.

तिच्या मोबाइलवरचे कॉल इकडे वळवायचे होते. कोड दाबून कॉल वळवण्याची यूएसएसडी सोय १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला दूरसंचार खात्याने सांगितलं होतं. म्हणून सिम थोडा वेळ माझ्या फोनमध्ये घालून कॉल सेटिंगच्या मेनूतून दोन्ही गोष्टी भरल्या: 'संपर्कात नसल्यास' आणि 'न उचलल्यास'. दुसरी गरजेची आहे, कारण आईच्या खोलीत मोबाइल पूर्ण मेलेला नसतो, वाजतो आणि मग दगा देतो. नातेवाइकांसाठी मात्र नवा नंबर सरळ सांगून टाकला. आमच्याकडे तो कालनिर्णयाच्या जानेवारीच्या पानावर लिहिलाय. फेब्रुवारीत पान उलटल्यावर पुन्हा लिहावा लागेल.

६ जानेवारी, मंगळवार

दुपारी चाळीस मिनिटं लाइट नव्हती. वाय-फाय गेलं, लँडलाइन गेली, आणि आम्ही सगळे पुन्हा सहा डिसेंबरला. पूर्वीच्या तांब्याच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून वीज यायची, फायबरला येत नाही. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणला, १,३५० रुपये. घेण्याआधी फायबरच्या डब्याच्या आणि राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. माझे दोन्ही १२ व्होल्टचे निघाले, हे नशीब. प्लग काढून घड्याळ लावलं: दोन तास चाळीस मिनिटं चालला.

१४ जानेवारी, बुधवार, उत्तरायण

सगळं बडोदं पतंग उडवायला गच्चीवर. सकाळपासून भोंगे, "काप्यो छे!", उंधियु, चिक्की. तारांत मांजा अडकून लाइट दोनदा गेली, एकदा पाऊण तास.

आई गच्चीवर येत नाही, जिने होत नाहीत. अकराच्या सुमाराला, लाइट नसताना, खालून तिचा आवाज ऐकू आला. धावत गेलो. ती खोलीत पलंगावर बसून लँडलाइनवर मावशीला तिळगुळाचं सांगत होती, गॅलरीत उभं राहून बोलायची त्याच पट्टीत. फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "काय रे, काय झालं?"

१८ जानेवारी, रविवार

हिशोब. कामाला आलेलं: ब्लेड-स्प्रे १९०, तांब्याची केबल ६४०, क्रिम्पर (कनेक्टर दाबून बसवायची पकड) ३८०, कनेक्टर १००, दुसरा राउटर १,४५०, टेबलफोन ८५०, यूपीएस १,३५०. एकूण ४,९६०. वाया गेलेलं: बूस्टरचे १,०००, सिम २६०, मुलाम्याची केबल २८०, आणि खरवडून टाकलेली फिल्म १,३२०. एकूण २,८६०. वेळ मोजला नाही.

न्हाणीघरात अजून उणे ११६ आहे. तिथे कोणी बोलू नये.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका आले, त्यांच्याकडेही कॉल तुटतात, तो बूस्टर कुठे मिळतो म्हणून विचारायला. क्रिम्पर काढत होतो, मग काही सुचून आधी फक्त फोन घेऊन त्यांच्याबरोबर वर गेलो. मे महिन्यात त्यांनीही त्याच कारागिराकडून काम करून घेतलं होतं. उत्तरेची खिडकी बंद, उणे १०८. उघडी, उणे ९५. स्प्रे बाटली आणि ब्लेड त्यांच्याकडे देऊन आलो.